हुगळीकाठचे पोलाद आणि शीताचे पाणी

कलकत्ता शहरात गारवा ही पूर्वापार विकत घेण्याची वस्तू आहे. पौष-माघातील मोजके दिवस सोडले, तर समुद्राकडून येणारी दमट हवा तेथे वर्षभर अंगाला चिकटून असते. आणि म्हणून नबाबी अमदानीतील अमीर-उमरावांपासून कंपनी सरकारच्या कारकुनांपर्यंत ज्याच्या गाठीला चार पैसे जुळले, त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे थंड पाण्याची तजवीज करून ठेवली. हा गारवा प्रथम आबदाराच्या सुरईत होता, पुढे तो बर्फाच्या वखारीत आला, वखारीतून वायूच्या कारखान्यात गेला, आणि सरतेशेवटी, अगदी अलीकडच्या काळात, हुगळीच्या पश्चिम तीरावरील एका विद्यालयात पोलादाच्या तुकड्यांना तो शास्त्रशुद्ध रीतीने देण्यात आला. इंजिनाचे धातूचे भाग द्रवरूप नायट्रोजनच्या शीतात, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत, निववून पुन्हा हवेच्या उष्णतेला आणले असता ते बळकट होतात काय, असा प्रश्न मोटारींच्या व यंत्रांच्या धंद्यात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात मागणाऱ्याच्या पदरी निराशाच येते; परंतु कलकत्त्यातील गारवा आणि कलकत्त्यातील लोखंड या दोन धाग्यांचा इतिहास जो सलग पाहील, त्याला त्या उत्तराची दिशा सापडू लागते, असे माझे मत आहे.

पहिला धागा सोऱ्याचा आहे. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याचे वर्णन करताना पाणी निववण्याची जी कृती नोंदली आहे, तिच्यात अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात घालून त्या मिश्रणात पिण्याच्या पाण्याचे भांडे सुमारे पाव तास फिरवावे, असा हिशेब आहे. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, एवढेच त्यातील रहस्य. हीच विद्या पुढे कलकत्त्यातील साहेबलोकांच्या घरी आली, आणि जेवणाच्या टेबलापाशी मद्याच्या बाटल्या सोऱ्याच्या पाण्यात फिरवीत बसणारा आबदार हा तेथील नोकरवर्गातील एक मानाचा इसम झाला. आपल्याकडे पेशव्यांच्या दप्तरांतही आबदारखान्याचा खर्च निराळा पडत असे, त्यामुळे मराठी वाचकाला हा अधिकारी अगदीच अनोळखी नाही. बर्फ म्हणून जो जिन्नस त्या काळी मिळे, तो हुगळी-चुंचुड्याकडच्या माळावर तयार होई. उथळ खड्ड्यांत वाळलेले गवत पसरून त्यावर मातीच्या पसरट परळांत बोटभर पाणी ओतून ठेवीत. माघातील निरभ्र, निवाऱ्याच्या रात्री त्या पाण्यातील उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाई आणि हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटे त्यावर पापुद्रा धरे. सूर्य वर येण्यापूर्वी तो खरवडून, दाबून, खोल खड्ड्यात पुरून ठेवण्याची धांदल उडे. तो बर्फ गढूळ असे, आणि हवेने साथ दिली तरच मिळे.

ही स्थिती १८३३ च्या सप्टेंबरात पालटली. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हा वेस्ट इंडिज बेटांत बर्फ विकून नावारूपाला आलेला होता. त्याने भागीदारांसह ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात १८० टन बर्फ भरून ते १२ मे रोजी कलकत्त्यास रवाना केले. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर हिवाळ्यात करवतीने कापलेले ते बर्फाचे चिरे जहाजाच्या पोटात एकाला एक भिडवून रचलेले होते, आणि सभोवती फळ्यांच्या आवरणात गवत व कातडी कमावण्याच्या सालीचा चुरा ठासलेला होता. चार महिन्यांच्या त्या प्रवासात जहाजाने विषुववृत्त दोनदा ओलांडले. हुगळीच्या मुखातून ते वर आले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. कंपनी सरकारने त्यावरची जकात माफ केली, उन्हाचा ताप टाळण्यासाठी रात्री माल उतरवण्याची परवानगी दिली, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने मालाबरोबर आलेल्या रॉजर्सला चांदीचा पेला नजर केला. शहरातील गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर बांधले. तेथपासून जवळजवळ अर्धशतक कलकत्ता हे या व्यापारातील एक मोठे गिऱ्हाईक राहिले. १८७८ साली बेंगॉल आइस कंपनीने यंत्राने बर्फ पाडण्यास प्रारंभ केला, आणि मग पुढील काही वर्षांत तो दूरदेशीचा बर्फ बाजारातून उठला.

या हकिकतीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून शीत आणून ते मद्यासाठी, फळांसाठी व तापाने फणफणलेल्या रोग्यांच्या कपाळासाठी वापरले जात होते, त्याच काळात, त्याच नदीच्या काठी, लोखंडाचे मोठाले कारखाने उभे राहत होते. पण या दोहोंची गाठ घालून द्यावी हे कोणाच्याही मनात आले नाही. कलकत्त्याच्या उत्तरेस इच्छापूर येथे १७८७ साली स्थापन झालेला दारूचा कारखाना १७९१ पासून चालू झाला, आणि त्याची भूक भागवणारा सोरा तो आबदाराचाच सोरा होता. काशीपूर येथे १८०१ साली तोफांच्या गाड्यांचा कारखाना निघाला आणि १८ मार्च १८०२ पासून तेथे काम सुरू झाले. आजची काशीपूरची गन अँड शेल फॅक्टरी ती हीच. इच्छापूरच्या जागेवर पुढे १९०४ साली बंदुकांचा कारखाना उभा राहिला. पुढे पोलाद तापवून विझवल्यानंतर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी जे वितळलेल्या क्षारांचे कुंड जगभरच्या कारखान्यांत प्रचारात आले, त्यातही सोरा हाच एक मुख्य घटक असतो. एकच क्षार पाणी निववतो, दारू पेटवतो आणि पोलादही शेकतो.

इंजिनाचा प्रवेशही याच टापूतला. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८२० साली आपल्या कागदाच्या गिरणीसाठी बारा अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन विलायतेहून आणवले. विल्यम केरीचे श्रीरामपूर हे मराठी माणसाला १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्यामुळे ठाऊक असते, पण हिंदुस्थानातील यंत्रयुगाच्या इतिहासातही त्या गावाचे नाव असेच आरंभी येते. १८२३ साली खिदिरपूरच्या गोदीतून ‘डायना’ ही आगबोट पाण्यात उतरली. आणि १८२८ साली टिटागडच्या गोलकचंद्र नावाच्या एका लोहाराने श्रीरामपूरचे इंजिन पाहून, कोणत्याही युरोपीय माणसाची मदत न घेता, आपल्या हाताने वाफेचे इंजिन तयार केले आणि ते कलकत्त्याच्या कृषी व उद्यान संस्थेच्या प्रदर्शनात मांडून पन्नास रुपयांचे बक्षीस मिळवले. आपल्या औद्योगिक इतिहासाच्या पुस्तकांत या लोहाराला दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाही याचा मला विषाद वाटतो. कारण नकाशे नाहीत, लेथ नाही, धातूचे पृथक्करण करून देणारी प्रयोगशाळा नाही, अशा अवस्थेत केवळ डोळ्याने रंग पाहून लोखंडाची उष्णता जोखणारी जी कारागिरी त्याच्यापाशी होती, तिच्याच बळावर पुढे हावड्याच्या गल्ल्यांतून हजारो ओतशाळा आणि यंत्रशाळा उभ्या राहिल्या. बेलिलियस रोडवरून आजही जो जाईल त्याला लेथच्या कातरणीचा वास आणि तापल्या तेलाचा धूर यांवरून ती परंपरा ओळखू येईल.

त्या कारागिरीचा गाभा म्हणजे पोलादाला पाणी देणे. लाल झालेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कठीण होते हे लोहाराला हजारो वर्षे ठाऊक आहे. का होते हे विसाव्या शतकात नीट उलगडले. पोलाद आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवले म्हणजे त्यातील लोखंडाचे अणू ज्या विशिष्ट रचनेत येतात, तिला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि या रचनेत कार्बन सहज सामावतो. पोलाद सावकाश निवू दिले तर कार्बनला बाहेर पडायला अवधी मिळतो. एकदम विझवले तर तो जागच्या जागी अडकतो, भोवतालची रचना त्याच्या ताणाने पिळवटते, आणि मार्टेन्साइट नावाचे अत्यंत कठीण रूप तयार होते. हे रूपांतर वेळेवर अवलंबून नसून तापमानावर अवलंबून असते. ते एका ठरावीक अंशावर सुरू होते, पुढे जितके खाली जावे तितके वाढत जाते, आणि आणखी खालच्या एका अंशावर संपते. कार्बन जसजसा वाढतो तसतसे हे दोन्ही अंश खाली सरकतात. शेकडा सुमारे ०.६ च्या वर कार्बन असला की रूपांतराचा शेवटचा अंश आपल्या खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. म्हणजे लोहाराने पाते विझवून हातात घेतले तेव्हा त्याच्या मते काम पुरे झालेले असते, पण पोलादाच्या पोटात काही भाग अजून मऊ ऑस्टेनाइटच्याच अवस्थेत राहिलेला असतो. त्याला अवशिष्ट ऑस्टेनाइट म्हणतात.

येथे कलकत्त्याची हवा या प्रकरणात शिरते. १९५९ साली कॉइस्टिनेन आणि मारबर्गर या दोघांनी अवशिष्ट ऑस्टेनाइटचे प्रमाण विझवण्याच्या शेवटच्या तापमानाशी जोडणारे एक सूत्र मांडले, ते धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते. त्या सूत्राने हिशेब केला, तर ज्या पोलादाचे रूपांतर २०० अंशांवर सुरू होते, ते शेफिल्डच्या हिवाळ्यात १० अंशांपर्यंत निवले असता त्यात शेकडा १२ च्या आसपास ऑस्टेनाइट शिल्लक राहील, आणि तेच कलकत्त्याच्या वैशाखात ३५ अंशांवर थांबले तर शेकडा १६ हून थोडे अधिक. म्हणजे केवळ हवामानाच्या फरकाने मऊ भाग तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. काशीपूरच्या आणि हावड्याच्या ज्या मिस्त्रींनी विलायती पुस्तकातील अंश व मिनिटे तंतोतंत पाळली, त्यांच्या हातचे पोलाद पुस्तकातल्याहून किंचित मऊ उतरले असेल तर त्यात त्यांच्या हाताचा दोष नव्हता. त्यांच्या टाकीतील तेल गरम होते, इतकेच. आणि ज्या शहराने मद्य निववण्यासाठी बोस्टनहून बर्फ आणला, त्याच शहरात त्या तेलाच्या टाकीला थोडे शीत मिळाले असते तर काय झाले असते, या प्रश्नाला हात घातला जायला आणखी दीर्घ काळ जायचा होता.

तो प्रश्न जवळ आणण्यात कलकत्त्याच्या एका थोर शास्त्रज्ञाचा मुक्काम, जाता जाता, नोंदण्यासारखा आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बसू १९००-०१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील डेव्ही-फॅरडे प्रयोगशाळेत काम करीत होते, आणि १० मे १९०१ रोजी त्यांनी तेथे दिलेल्या व्याख्यानात धातूची तार पुनःपुन्हा उत्तेजित केली असता तिचा विद्युत्प्रतिसाद कसा मंदावतो, ती कशी ‘थकते’ आणि विसाव्याने कशी पूर्ववत होते, हे दाखवले. त्या संस्थेत तेव्हा सर जेम्स ड्यूअर हे मुख्य आसनावर होते. त्यांनी १८९८ साली हायड्रोजन द्रवरूप केला होता आणि द्रवरूप हवा त्यांच्या टेबलावर नित्याची झाली होती. याच ड्यूअर यांनी शेफिल्डचे पोलादतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांच्यासह लोखंडाचे व त्याच्या मिश्रधातूंचे शेकडो नमुने द्रवरूप हवेच्या थंडीत तोडून पाहिले आणि त्यांचा निबंध १९०४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या लोहस्तंभाचे पृथक्करण पुढे १९१२ साली करणारे हॅडफील्ड ते हेच. त्यांना आढळले की, गोठलेल्या अवस्थेत लोखंडाची ताण सोसण्याची शक्ती पुष्कळच वाढते, पण त्याचा चिवटपणा लयाला जाऊन ते काचेसारखे तडकते. आणि साधे लोखंड पुन्हा नेहमीच्या तापमानाला आणले की ते बहुतांशी पहिल्यासारखेच असते. थंडीत असतानाचे बळ आणि थंडीतून परत आल्यावरचे बळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगांतून उघड झाले. बसूंचा थकवा विद्युतीय होता, यंत्रशाळेतला थकवा यांत्रिक असतो, म्हणून त्या दोहोंची सरमिसळ करू नये. तथापि एक बंगाली भौतिकशास्त्रज्ञ धातूच्या थकव्याविषयी बोलत असता त्याच छपराखाली धातूच्या शीताचा अभ्यास चालू असावा, हा योग मला मोठा हृद्य वाटतो.

शीत दिल्याने पोलादात कायमचा फरक पडू शकतो, हे १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियातील गुल्यायेव्ह यांनी जलद-कर्तनाच्या पोलादावर काम करून दाखवले: विझवलेले हत्यार खोलीच्या तापमानाला न थांबवता शून्याच्या बरेच खाली नेले की शिल्लक ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतो आणि हत्यार अधिक काळ टिकते. दुसऱ्या महायुद्धानंतर घन कार्बन डायॉक्साइडच्या साहाय्याने उणे ८० अंशांपर्यंतचे ‘शून्याखालचे पाणी’ मोजमापाच्या गेजांना आणि बेअरिंगांना देण्याची पद्धत रूढ झाली. लुईझियानातील रँडल बॅरन यांनी १९८२ साली अनेक पोलादांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यांतून उणे १९६ अंशांच्या खोल शीताचा फायदा उणे ८० च्या फायद्याहून निराळा व पुष्कळदा मोठा असतो, असे निदर्शनास आले. याच सुमारास अमेरिकेत या प्रक्रियेचा व्यापारही वाढीस लागला. आणि व्यापार वाढला म्हणजे जे होते ते झाले: हत्यारांपासून बंदुकीच्या नळ्यांपर्यंत आणि इंजिनाच्या ब्लॉकपासून गिटारच्या तारांपर्यंत सर्व धातूंना हे एकच औषध लागू आहे, असे सांगितले जाऊ लागले.

कलकत्त्याला मात्र या शीताचा कच्चा माल फार आधी हाताशी आलेला होता. २४ जानेवारी १९३५ रोजी इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी या शहरात नोंदली गेली. तीच पुढे इंडियन ऑक्सिजन, मग बीओसी इंडिया आणि २०१३ पासून लिंडे इंडिया या नावाने चालत आली, आणि तिचे मुख्य कार्यालय तारातला रोडवर आहे. हवा दाबून, निववून, द्रवरूप करून तिचे अंशशः ऊर्ध्वपातन केले की उणे १९६ अंशांवर नायट्रोजन उकळून वेगळा होतो आणि उणे १८३ वर उकळणारा ऑक्सिजन मागे राहतो. गोद्यांना आणि पोलादाच्या गिरण्यांना जोडकामासाठी व कापकामासाठी ऑक्सिजन हवा होता. हवेत शेकडा ७८ असणाऱ्या नायट्रोजनला त्या मानाने मागणी थोडी होती.

हे शीत पोलादाला शास्त्रशुद्ध रीतीने जेथे दिले गेले, ते शिबपूरचे अभियांत्रिकी विद्यालय हुगळीच्या पश्चिम तीरावर, वनस्पती उद्यानाच्या शेजारी आहे. १८५६ साली रायटर्स बिल्डिंगमध्ये सुरू झालेले ते कलकत्त्याचे स्थापत्य महाविद्यालय १८८० साली बिशप्स कॉलेजच्या जुन्या इमारतींत आले, पुढे बेंगॉल इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नावाजले, २००४ साली विद्यापीठ झाले आणि २०१४ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून ओळखले जाते. येथील व खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २००८ ते २०१० या काळात डी-२ नावाच्या साच्याच्या पोलादावर जे काम प्रसिद्ध केले, ते या विषयावरील जगातील अत्यंत काटेकोर कामांपैकी आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. डी-२ मध्ये शेकडा सुमारे दीड कार्बन आणि बारा क्रोमियम असते. पत्रा कापणारे व वाकवणारे साचे त्याचे करतात. या संशोधकांनी पोलाद विझवल्यानंतर आणि टेंपरिंगच्या, म्हणजे ठिसूळपणा घालवणाऱ्या मंद शेकणीच्या, आधी त्याला तीन प्रकारचे शीत दिले: उणे ७५, उणे १२५ आणि उणे १९६ अंश. तुकडे नायट्रोजनमध्ये नुसते बुडवले नाहीत, कारण तसे केल्यास आतल्या व बाहेरच्या आकुंचनातील फरकाने कठीण पोलादाला चीर जाते. बंद पेटीत नायट्रोजनची वाफ मापून सोडीत मिनिटाला एका अंशाहूनही कमी गतीने त्यांना खाली नेले, आणि तितक्याच सबुरीने वर आणले. शीतात ठेवण्याची मुदतही बदलून पाहिली. मुदत वाढवावी तशी झीज कमी होत गेली, पण ३६ तासांपर्यंतच. त्यापुढे कित्येक तास ठेवूनही लाभ वाढेना, उलट ओसरू लागला.

त्यांच्या निष्कर्षांतील मर्म असे. अवशिष्ट ऑस्टेनाइटचा बराचसा भाग उणे ७५ अंशांवरच नाहीसा होतो. मग उणे १९६ पर्यंत जाण्याने आणखी काय साधते? खोल शीतात रचना आकुंचन पावते, अडकलेला कार्बन सूक्ष्म दोषस्थानांभोवती गोळा होऊ लागतो, आणि नंतर टेंपरिंगच्या मंद उष्णतेत त्या जागी कार्बाइडचे अतिशय बारीक, दाट पसरलेले कण उगवतात. कठीणपणाचा आकडा यामुळे थोडकाच वाढतो, घर्षणाने होणारी झीज मात्र पुष्कळ कमी होते, आणि आघात सोसण्याची शक्ती किंचित घटते. ‘बळकटी’ हा शब्द आपण सैल वापरतो; धातूचे ताणबळ, काठिण्य, चिवटपणा, थकवा सोसण्याची ताकद आणि झीज सोसण्याची ताकद हे पाच वेगवेगळे गुण आहेत, आणि शीत यांपैकी एकाला भरघोस देते, दुसऱ्याला जुजबी देते, तिसऱ्यापासून थोडे काढूनही घेते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही डी-३ पोलादावर अशीच कसोटी होऊन २००९ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात शीतानंतर एकदाच टेंपरिंग केलेले तुकडे दोन-तीनदा टेंपरिंग केलेल्यांपेक्षा झिजेला अधिक टिकले.

मग इंजिनाचे काय? कलकत्त्याच्या मल्लिकबाजारात जुन्या मोटारींचे सुटे भाग ढिगांनी विकायला असतात. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने २०१४ पर्यंत ज्या अँबॅसडर गाड्या बाहेर काढल्या, त्यांचे अवयवही तेथे हाती लागतात. त्या ढिगातला एकेक भाग उचलून हाच प्रश्न विचारला म्हणजे उत्तर स्पष्ट होते. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड घडीव, मध्यम कार्बनच्या पोलादाचे असतात. त्यांच्या बाबतीत रूपांतर खोलीच्या तापमानाला पोचण्यापूर्वीच जवळजवळ पुरे झालेले असते, म्हणून शीताला करण्याजोगे काम थोडेच उरते. ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये मार्टेन्साइटचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या रूपांतरावर ही सारी विद्या उभी आहे ते त्या धातूत घडत नाही. बिडाच्या ब्लॉकमध्ये ग्रॅफाइटच्या पाकळ्या आणि सावकाश निवून स्थिरावलेली रचना असते. तेथे शीताने झीज थोडी कमी झाल्याचे काही प्रयोग सांगतात, पण त्याची उपपत्ती अद्याप कोणी पटेल अशी दिलेली नाही, आणि उपपत्तीवाचूनच्या लाभावर मी तरी पैसे खर्चणार नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे पोलाद मुद्दाम ऑस्टेनाइटच राहील असे घडवलेले असते आणि ते लालबुंद तापून काम करते. त्याला दिलेले शीत पहिल्या काही मैलांतच व्यर्थ जाईल.

याउलट जेथे पृष्ठभागात कार्बन मुरवलेला असतो, जसे गिअर, कॅम, पिन, तेथे त्या कातळी थरात अवशिष्ट ऑस्टेनाइट भरपूर असतो, आणि तेथे शीताला खरोखरीचे काम मिळते. चेन्नईच्या संशोधकांनी क्राउन व्हीलसाठी वापरल्या जाणाऱ्या एन-३५३ पोलादावर २००५ नंतर जे प्रयोग केले, त्यांत झिजेविरुद्धची ताकद खोल शीताने फारच वाढली. पण थकव्याच्या कसोटीत उणे ८० अंशांचे शीत उपकारक ठरले आणि उणे १९६ चे शीत साध्या पद्धतीपेक्षाही कमी पडले. ज्या गिअरचे दात झिजून जातात त्याला एक शीत, ज्याचे दात तुटून पडतात त्याला दुसरे. डिझेल इंजिनाच्या इंजेक्शन पंपाचा प्लंजर आणि त्याची नळी यांच्यामधली फट तर मायक्रॉनमध्ये मोजतात. तेथे शिल्लक ऑस्टेनाइट वर्षा-दोन वर्षांनी आपोआप पालटला की तो फुगतो आणि प्लंजर अडकतो, म्हणून तसे भाग कारखान्यातच शीत देऊन कायमचे स्थिर करून टाकण्यास सबळ कारण आहे. आणि यंत्रशाळेत द्रवरूप नायट्रोजनचा जो सर्वांत नित्याचा उपयोग आहे, त्याचा बळकटीशी काहीच संबंध नाही: व्हॉल्व्ह सीटची कडी नायट्रोजनमध्ये बुडवून आकुंचित करायची, चिमट्याने उचलून सिलिंडर हेडच्या खाचेत चटकन सोडायची, आणि हवेच्या उष्णतेने ती फुगून जागीच घट्ट बसू द्यायची. हेडमधल्या खाचेपेक्षा कडी केसभर मोठी असते म्हणूनच हे साधते.

शेवटी क्रमाची एक बाब सांगितली पाहिजे, कारण गिऱ्हाईक तिच्याच बाबतीत फसते. विझवलेले पोलाद खोलीत नुसते पडून राहिले तरी त्यातील ऑस्टेनाइट काही तासांत मुरतो आणि मग शीताला दाद देईनासा होतो. टेंपरिंग झाले की तो आणखी हट्टी बनतो. शिबपूरच्या प्रयोगांत शीत विझवण्याच्या पाठोपाठ आणि टेंपरिंगच्या आधी दिले गेले, आणि तेथे मिळालेला लाभ त्या क्रमाचा आहे. मल्लिकबाजारातून आणलेला, दहा वर्षे चाललेला, कारखान्यातच टेंपरिंग होऊन आलेला गिअर कोणी नायट्रोजनच्या पेटीत ठेवला, तर त्याला या लाभातला फार थोडा वाटा मिळेल. शीत द्यावयाचे ते भट्टीशेजारी, तेलाच्या टाकीतून तुकडा निघाल्याबरोबर द्यावे लागते. म्हणजे हा निर्णय हावड्याच्या ज्या मिस्त्रीच्या हाती चिमटा आहे त्याच्याच अखत्यारीत येतो, आणि त्याच्या टाकीजवळ नायट्रोजनचा एक लहानसा पिंप व तापमान दाखवणारी एक नळी उभी करून देण्याचा खर्च नव्या साच्यांच्या एका संचाच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो.